सरांच्या खिशातलं दार

आमच्या डेअरीच्या दवाखान्यात येणारा माणूस गाईचं काहीतरी घेऊन येतो. गाय खात नाही, गाय उलटली म्हणजे गाभण राहिली नाही, गाय सकाळपासून हंबरतेय. सर आले ते हातात रिकामा कंटेनर घेऊन, आणि नमस्कार वगैरे काही न करता म्हणाले, "मला तुमचा नायट्रोजन हवाय. बैल नकोत."

बाकावर बसलेले दोघं एकमेकांकडे बघून हळूच बाहेर गेले. माणूस कामातनं गेलाय, अशी त्यांची खात्री झाली.

आता यात वेडेपणा काही नव्हता. मी पोटासाठी गाई भरतो. जातिवंत वळूंचं वीर्य बारीक कांड्यांतून येतं आणि त्या कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवाव्या लागतात. नायट्रोजन संपला की माल गेला. एवढी कडाक्याची थंडी आमच्या भागात दुसरीकडं कुठंच मिळत नाही, बर्फाच्या कारखान्यात तर नाहीच नाही. श्रीरामपूरजवळच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या या सरांना नेमकी तीच थंडी हवी होती. तेवढ्या थंडीत काही पदार्थांमधून वीज बिनविरोध वाहते, असं त्यांनी मला त्याच बाकावर बसून समजावलं. बिनविरोध हा त्यांचाच शब्द. आमच्याकडं सोसायटीची निवडणूक कधी बिनविरोध होत नाही, त्यामुळं मला ते काही पटेना, पण ऐकायला बरं वाटलं. मी अर्धा कंटेनर भरून दिला. तिथून मी त्यांच्या तावडीत सापडलो तो सापडलोच.

शेतकरी मला डॉक्टर म्हणतात. मी साधा डिप्लोमावाला. सरांनी खरीखुरी डॉक्टरेट केलेली, पण त्यांना कुणी डॉक्टर म्हणायचं नाही. "आपण दोघंही डॉक्टर," ते म्हणायचे, "फरक एवढाच, की तुमच्याकडं पेशंट येतात."

पेशंट त्यांच्याकडंही आला होता एकदा. बेलापूरच्या रस्त्यावर एका शेतकऱ्यानं त्यांची स्कूटर अडवली. पायाशी कंटेनर ठेवलेला, म्हणजे हा गाई भरणाराच. "चला डॉक्टर, सकाळधरनं हंबारतीया. आज न्हाई भरली तर म्हैना गेला आमचा." सर म्हणाले, मी तो नव्हे, मी फिजिक्सचा. शेतकरी म्हणाला, "कुठल्या का दवाखान्याचे असंना, चला." सरांना आयुष्यात कुणाला नाही म्हणता आलं नाही, ते गेले. गोठ्यातून मला फोन केला. मी पोचलो तेव्हा सर गव्हाणीला टेकून त्या माणसाला सांगत होते, की गाय म्हणजे बहुतेक पाणीच असतं, म्हणून आपल्या लहरी तिच्यातून पलीकडं जाणार नाहीत. तो मन लावून ऐकत होता. मी माझं काम उरकलं, चहा झाला, आणि निघताना शेतकरी मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमचं मोठं डॉक्टर हुशार हायेत, पन जनावराला हात लावाया भ्यातेत."

तर या लहरी. टेराहर्ट्झ असं त्यांचं नाव. मोबाईलच्या लहरी एका बाजूला आणि शेकोटीची ऊब दुसऱ्या बाजूला, यांच्या मधोमध त्यांचं बिऱ्हाड. कापडातून जातात, पुठ्ठ्यातून जातात, लाकडाच्या फळीतून जातात, आणि पाणी दिसलं की मेल्या तिथंच. हवेतली वाफसुद्धा त्यांना सोसत नाही. आणि हे असलं नाजूक प्रकरण घेऊन सर बसले होते कुठं, तर चारी बाजूंनी उसाचं रान असलेल्या कॉलेजात. पाटाला पाणी सुटलं की शेजारचा ऊस न्हाऊन निघायचा आणि सर रुसायचे. आवर्तन संपेपर्यंत प्रयोग बंद. पाटबंधारे खात्यानं आपल्याला विचारून पाणी सोडावं, अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

प्रयोगशाळेत शिरताना ते विचारायचे, "अंघोळ करून किती वेळ झाला?" केस ओले असतील तर बाहेर उन्हात उभं राहावं लागे. लहरी सोडून मोजणाऱ्या मशीनवर एक पारदर्शक पेटी झाकलेली होती, तिच्याजवळ बोलायला बंदी. सर स्वतः तोंडाला उपरणं गुंडाळून काम करायचे, त्यामुळं नवा माणूस दारातून बघून आधी दचकायचा. पेटीतली हवा कोरडी राहावी म्हणून तिच्यात चपलांच्या खोक्यात मिळतात त्या पांढऱ्या पुड्या भरलेल्या. श्रीरामपूरच्या मेन रोडवरचे सगळे चप्पलवाले त्यांना ओळखायचे. हा गृहस्थ कधी चप्पल घेत नाही, पुड्या तेवढ्या नेतो. त्या पुड्या ओलावल्या की सर त्यातले मणी काढून घरी कढईत भाजायचे. बाई, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याकडं एखादी कढई असेल तर द्या ह्यांना. माझ्या पोह्यांना प्लास्टिकचा वास मारतोय." मी दिली. घरी अजून त्या कढईबद्दल ऐकून घेतो.

आणि जोडवी. ही गोष्ट मी सांगितली की लोक म्हणतात, तू पदरचं घालतोस. सरांचा सगळा जीव ज्या चिपमध्ये होता, ती बोटाच्या नखाएवढी होती. तिच्यावर त्या बिनविरोधवाल्या पदार्थाचा पातळ थर, आणि थरात कोरलेल्या हजारो फटी, प्रत्येकीचा आकार जोडव्याचा. जोडवं कसं, पुरतं वळत नाही, तोंडाशी थोडं उघडं राहतं, तसा. सर सांगायचे, की वस्तू कशाची बनलीय यापेक्षा तिच्यावरची नक्षी कशी आहे, यावर लहरीचं वागणं ठरतं. सोन्याची नक्षी असो नाहीतर तांब्याची, मापात असली की लहर ऐकते. आणि नक्षी अतिसंवाहक, म्हणजे त्या बिनविरोधवाल्या पदार्थाची असेल तर तिला थंडीनं चालू-बंदही करता येतं. माझ्या पुतणीच्या लग्नात नवऱ्या मुलीच्या पायात जोडवी घालताना सर वाकून बघायला लागले. मंडपातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसतायत. सर सरळ झाले आणि मला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "फट थोडी मोठी ठेवली असती तर वारंवारता वाढली असती." व्याही मला विचारायला लागले, हे तुमचे कोण.

मशीन सरांचं नव्हतं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेनं नवं घेतलं आणि जुनं यांना तीन वर्षांसाठी वापरायला दिलं. चिपही तिथल्याच एका वर्गमित्रानं दिलेली, त्याच्याकडं एक शिल्लक होती ती. मुदत संपताना तिकडून समिती येणार आणि ठरवणार, मशीन इथंच ठेवायचं की परत न्यायचं. काहीतरी करून दाखवलं असेल तर राहणार, नाहीतर नाही. सरांचं निवृत्तीचं वय जवळ आलं होतं. मशीन गेलं तर पुन्हा त्यांच्या आयुष्यात दुसरं येणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि प्रज्ञाला तर आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

प्रज्ञा त्यांची एकुलती एक संशोधन करणारी विद्यार्थिनी. श्रीरामपूरचीच, वडील एसटीत कंडक्टर. मुलगी बोलायला कमी आणि कामाला वाघ. तिचा प्रबंध त्याच चिपवर. सरांची तिला पहिल्या दिवसापासूनची शिकवण होती, आधी रिकामं मोजायचं. चिप लावायच्या आधी मशीन रिकामं असताना लहर किती पोचते ते बघायचं, मग चिप लावायची. सर हे सगळीकडं करायचे. बाजारात भाजीवाल्याला आधी पिशवी तोलायला लावायचे. तो शिव्या घालायचा, सर थांबायचे, वजन बघायचे, मग वांगी.

आणि एक दिवस दार उघडलं. म्हणजे सर तसं म्हणायचे. चिप नेहमीच्या हवेत असली की आलेखावर एका ठराविक जागी लहर अडते, आणि वरून माझा नायट्रोजन ओतून चिप थंड केली की नेमकी तिथूनच लहर पार होते. पुन्हा गरम झाली की बंद. दार बंद, दार उघडं. स्क्रीनवरचा तो आलेख दाखवताना सरांनी उपरणं सोडलं होतं आणि पेटीच्या तोंडाशी उभं राहून बोलत होते, एवढे ते हरखले होते. मला आलेखातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी पेढे आणले. सर म्हणाले, "डॉक्टर, ह्यात तुमच्या वळूंचा वाटा आहे."

गावाला कळायला वेळ लागला नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी सत्कार ठरवला. कॉलेजच्या फाटकापासून चौकापर्यंत फ्लेक्स लागले. वर सरांचा फोटो, खाली मजकूर, 'टेराहर्ट्झ लहरींना वेसण घालणारे आपल्या भागाचे सुपुत्र', आणि त्याखाली शुभेच्छुकांचे चेहरे, ज्यांतल्या एकालाही ही लहर काळी की गोरी ते माहीत नव्हतं. सर त्या फ्लेक्सखालून जाताना स्कूटर जोरात पळवायचे. सत्काराला ते चिप बरोबर घेऊन गेले, एका छोट्या डबीत घालून, सदऱ्याच्या खिशात. लोकांना दाखवायची म्हणून.

त्याच दिवशी आमच्याकडं नायट्रोजनचा टँकर आला होता, म्हणून मी दुपारी सरांचा वाटा पोचवायला गेलो. पलीकडं मंडपात भाषणं चाललेली, लाऊडस्पीकरवरून अध्यक्ष सांगत होते, की समितीला आपण स्वतः बोलू, मशीन हलू देणार नाही. प्रयोगशाळेत प्रज्ञा एकटीच मशीन सांभाळत बसली होती. मी म्हटलं, जा की सत्काराला. ती म्हणाली, मशीन तापायला वेळ लागतो, बंद केलं तर उद्याचा दिवस जाईल. मग माझ्या कंटेनरकडे बघून म्हणाली, "दादा, थोडा ओतून बघू का? नुसता हात बसायला. सर असले की एकेक थेंब मोजतात."

तिनं ओतला. पांढरी वाफ पेटीत उतरली. मी मंडपातल्या टाळ्या ऐकत होतो. थोड्या वेळानं बघितलं तर प्रज्ञा स्क्रीनसमोर ताठ उभी, चेहरा पार उतरलेला.

"काय गं?"

"दादा, दार उघडलं."

"मग बरंच झालं की."

"चिप सरांच्या खिशात आहे," ती म्हणाली.

मला कळायला क्षणभर लागला. मशीनमध्ये काही नव्हतंच. दार जागेवर नसताना दार उघडलं होतं. बाहेर सरांच्या अंगावर शाल पडत होती, आणि आम्ही दोघं, चिप जिच्यावर बसवतात त्या रिकाम्या तांब्याच्या खुंटीकडे बघत बसलो होतो.

मी तिला सरळ सांगितलं, समिती येऊन जाऊ दे, मग सांग. मशीन राहिलं पाहिजे, तुझा प्रबंध राहिला पाहिजे, माणसाचा सत्कार आजच झालाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम कॉलेजात गेलो, ही पोर काय करते बघायला. तिनं सरांना उभ्या उभ्या सांगितलं.

सर चिडतील असं मला वाटलं. त्यांनी खिशातून डबी काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "परत ओत." तिनं ओतला. चिप टेबलावर, आणि स्क्रीनवर तोच आलेख. सर स्टुलावर बसले. "पाणी," ते म्हणाले. "हवेतली वाफ नेमकी त्या जागी लहर गिळते. आपण नायट्रोजन ओतला की त्याचा वायू पेटीतली दमट हवा हाकलून देतो. लहर मोकळी. चिपचा काही संबंध नाही."

"पण सर, तुम्ही तर आधी रिकामं मोजता," मी म्हटलं.

"मोजलं होतं. पण न गारठवता. गार करून रिकामं मोजलं नाही."

"का नाही?"

ते माझ्याकडे बघायला तयार नव्हते. "डॉक्टर, तुमचा नायट्रोजन. रिकाम्या खुंटीवर ओतायचा म्हणजे कुणाची तरी गाय भरायची राहणार, असं वाटायचं मला."

गाईंसाठी माझ्याकडं दुसरी मोठी टाकी भरलेली असायची. एका शब्दानं विचारलं असतं तर सांगितलं असतं. इतका राग आला मला त्या माणसाचा, आणि इतकी मायाही आली.

त्यानंतर सरांनी जे केलं ते त्यांनीच करावं. ते सत्कार परत द्यायला निघाले. शाल घडी घालून पिशवीत घेतली. नारळाची बाईंनी आदल्या दिवशीच बर्फी केली होती, म्हणून मंडईतून नवा घेतला. मला म्हणाले, साक्षीला चला. अध्यक्षांकडं माणसं बसलेली. सरांनी शाल आणि नारळ टेबलावर ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की परवाचं उत्तर चुकलं, म्हणून हे परत.

अध्यक्षांनी नारळ फिरवून बघितला. "सर, ह्यो नारळ आमचा न्हाई. आमच्याला मोठी शेंडी हुती."

"तो संपला."

"बघा, म्हंजे सत्कार अर्धा पोटात गेलाय. आता कसा घ्यायचा परत?" माणसं हसली. मग अध्यक्ष गंभीर झाले. "सर, आमी लई सत्कार केले. कुनी परत दिला न्हाई, चोरानं बी न्हाई. समिती चार दिवसांवर आलीया. मशीन ऱ्हावं म्हनून मी फोन केलेत. तुमी गप बसला तर कुनाला कळनार हाय?"

"प्रज्ञाला," सर म्हणाले.

अध्यक्षांना प्रज्ञा कोण ते माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. शाल तिथंच राहिली. फ्लेक्स मात्र पुढचे दोन सण तसेच लटकले होते, ते काढायचं काम कुणाचं हे ठरलं नव्हतं म्हणून.

समिती आली. सरांनी आधी पहिला आलेख दाखवला आणि त्याच्यावर रिकाम्या खुंटीचा ठेवला. दोन्ही एकावर एक तंतोतंत बसले. समितीतल्या मोठ्या मॅडमनी चष्मा काढला आणि विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं. सर प्रज्ञाकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्या." उत्तर बरोबर आलं असतं तरी माणूस एवढ्या तोऱ्यात बोलला नसता. मॅडम तिच्याशी तासभर बोलल्या. संध्याकाळी निकाल सांगून गेल्या, मशीन परत न्यायचं, कारण कोरड्या हवेची सोय इथं होणार नाही. मुलीची तयारी असेल तर तिनं तिकडं येऊन याच मशीनवर, याच चिपवर काम पुरं करावं, आम्ही सोय करतो.

मशीन न्यायला टेम्पो आला त्या दिवशी सर सकाळपासून सुतळी आणि जुन्या गाद्या घेऊन उभे. हमालांना कामच करू देईनात. स्वतः बांधलं, स्वतः गाठी मारल्या, दोनदा सोडून पुन्हा मारल्या. प्रज्ञाची बॅग पुढं केबिनमध्ये ठेवली, तिचे वडीलही रजा काढून बरोबर निघाले होते. सगळं झालं आणि पोरीचा बांध फुटला.

"सर, माझ्यामुळं मशीन गेलं."

कुणीही म्हणालं असतं, नाही गं बाळ, तसं काही नाही. सर म्हणाले, "हो, तुझ्यामुळंच गेलं."

मी चपापलो. तिचे वडील पुढं सरकले.

"इतकी वर्षं शिकवतोय मी," सर म्हणाले. "वर्गच्या वर्ग गेले हाताखालून. माझं चुकलं की पोरं मान डोलवायची आणि वहीत तसंच उतरवून घ्यायची. सर चुकलात, असं तोंडावर म्हणणारं एक पोर तयार व्हावं, म्हणून मी झटत होतो गं. ते झालं. आता मशीन जाईना का. बस वर, टेम्पोवाला खोळंबलाय."

ती वाकून पाया पडायला गेली, सरांनी मध्येच धरली आणि दरवाजा लावला. टेम्पो उसाच्या वळणाआड दिसेनासा झाला तरी ते हात हलवत होते. मग फाटकाच्या खांबाला टेकले आणि हमसून हमसून रडले. त्यांना समजवावं की त्यांचं अभिनंदन करावं, मला ठरवता येईना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि रडू दिलं.